फलाट बदलला, पण सांगितले कोणाला?

आंब्याचा हंगाम सुरू झाला की वाशीच्या एपीएमसी मार्केटमधील फळ बाजारात पहाटेपासून पाय ठेवायला जागा नसते. कोकणातून आलेल्या पेट्या गाळ्यासमोर उतरतात, भोवती चार माणसे जमतात आणि मग नवख्या माणसाला बुचकळ्यात टाकणारे एक दृश्य दिसते. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात हातात घेतात, त्यावर रुमाल पडतो आणि रुमालाखाली बोटे बोलू लागतात. किती बोटे दाबली, कोणते बोट धरले, यावरून भाव ठरतो. तोंडातून एक अक्षर निघत नाही. काही बाजारांत या पद्धतीला 'हत्ता' म्हणतात. ज्याने वर्षभर झाड जपले, त्या शेतकऱ्याला मात्र रुमालाखाली काय बोलणे झाले ते कळत नाही. म्हणूनच ही पद्धत बंद करून उघड लिलाव करा, ही मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे.

आज आम्ही आंब्याच्या भावावर लिहिणार नाही. आम्हाला एवढेच दाखवायचे आहे की बोटांची भाषा या बाजाराला अनोळखी नाही. लाखो रुपयांची उलाढाल बोटांवर होऊ शकते. मग याच बाजारात काम करणारा एखादा बहिरा तरुण बोटांनी बोलू लागला, की लोक त्याच्याकडे पाहून हसतात का? आणि तोच तरुण एकट्याने प्रवासाला निघतो म्हणाला, की सगळ्यांच्या काळजाचा ठोका का चुकतो?

हा प्रश्न आमच्यासमोर एका माथाडी कामगाराने आणून ठेवला. तुर्भ्याच्या बाजूला आमचे छोटेसे कार्यालय आहे. बाजारातील माथाडी, मापाडी, पॅकिंगवाले, टेम्पोचालक यांची कामे आमच्याकडे येतात. एके दिवशी दुपारी बाजार ओसरल्यावर हे गृहस्थ आले. सोबत चोवीस वर्षांचा मुलगा. मुलगा जन्मापासून बहिरा. बारावी झालेला, एका गाळ्यावर पेट्यांची मोजणी आणि नोंदी करणारा. हिशेबात एक पेटी इकडची तिकडे होऊ न देणारा.

"जयभीम साहेब. पोराला जरा समजवा," वडील म्हणाले. "एकटा दिल्लीला जाऊ म्हणतोय."

"कशाला?"

"तिथं बहिऱ्यांच्या भाषेची सरकारी संस्था हाय म्हणं. ती शिकवायचा कोर्स असतो. आधी जाऊन बघून येतो म्हणतोय. मी म्हणलं, बांद्र्याला हाय की संस्था, ती बघ. तर म्हणतो बांद्रा बघून झालं."

मुलाचे म्हणणे खरे होते. बांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. दिल्लीत भारतीय खूणभाषेसाठी स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र सप्टेंबर २०१५ मध्ये मंजूर झाले. त्या केंद्राने खूणभाषेचा शब्दकोश काढला. २०१८ साली तीन हजार शब्दांनी सुरुवात झाली आणि २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर गेला. बहिऱ्या व्यक्तींना खूणभाषेचे शिक्षक करणारा पदविका अभ्यासक्रमही तेथे आहे. म्हणजे मुलगा काही भलत्या नादाने निघालेला नव्हता. तो शिक्षक व्हायला निघाला होता.

तरीही आम्ही काय केले? आम्ही बापाची बाजू घेतली. कागदावर लिहून दिले, "बाबांचे बरोबर आहे. सोबत कोणाला तरी ने." मुलाने कागद वाचला. खिशातून पेन काढले आणि खाली लिहिले, "तुम्ही औरंगाबाद हायकोर्ट जाता. सोबत कोण?"

आम्ही एकटेच जातो. कागद बराच वेळ आमच्या हातात राहिला. आयुष्यभर समतेची भाषणे केली, पण एका ओळीच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

मग बापाने मनातली खरी भीती बोलून दाखवली. "साहेब, ती गीता नव्हती का? तसं झालं तर?"

वाचकांना गीता आठवत असेल. ऐकू-बोलू न शकणारी ही मुलगी लहान वयात लाहोरच्या स्थानकावर समझोता एक्सप्रेसमध्ये एकटीच सापडली. नाव सांगता येईना, गाव सांगता येईना. एधी फाउंडेशनने तिला आश्रय दिला, बिल्किस एधी यांनी तिचे नाव गीता ठेवले आणि तिला तिच्या श्रद्धेप्रमाणे जगू दिले. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी ती भारतात परतली आणि इंदूरला राहू लागली. अनेक कुटुंबांनी ती आपली मुलगी असल्याचे सांगितले, पण डीएनए जुळले नाहीत. अखेर तिच्या खुणा समजणाऱ्या माणसांनी तिला नीट विचारायला सुरुवात केली. घराजवळ काय होते? रेल्वे कोठून दिसायची? नदी, देऊळ, शेतातली पिके अशा एकेका आठवणीचा माग काढत शोध मराठवाड्याकडे वळला. मार्च २०२१ मध्ये बातमी आली, की गीता ही आपल्या परभणी जिल्ह्यातली राधा आहे आणि तिच्या आईचा शोध लागला आहे. तोवर वडील हयात नव्हते.

या कहाणीचा अर्थ बहुतेकांनी "बहिऱ्यांनी एकटे फिरू नये" असा काढला. माथाडी बापानेही तोच काढला. आमच्या मते अर्थ नेमका उलटा आहे. लहान मूल ऐकणारे असो की बहिरे, गाडीत एकटे चढले तर हरवणारच. परंतु ऐकणारे मूल चार स्थानकांनंतर कोणाला तरी गावाचे नाव सांगते आणि घरी पोहोचते. राधाला मात्र ते सांगायला साधन नव्हते. तिच्या हाती अक्षर दिलेले नव्हते, खूणभाषा शिकवलेली नव्हती आणि तिला विचारायला बसणाऱ्यांकडेही तिची भाषा नव्हती. तिचे बहिरेपण तिला जन्मापासून होते आणि शोध लागला तेव्हाही होतेच. मधल्या काळात बदलले ते एवढेच, की तिची भाषा समजणारी माणसे समोर बसली. तिला हरवून ठेवले ते कानाने नाही, समाजाच्या अडाणीपणाने!

आणि आमच्या समोरचा तरुण तर तीन भाषांत लिहिणारा होता.

आता प्रवासात बहिऱ्या माणसाचे नेमके अडते कोठे, ते पाहू. त्याला पाय आहेत, डोळे आहेत, खिशात तिकीट आहे, डोक्यात हिशेब आहे. गाडीची वेळ तो मोबाईलवर पाहतो, डब्याचा क्रमांक वाचतो. अडते ते एका क्षणी. तो चार क्रमांकाच्या फलाटावर उभा असतो. कर्ण्यातून घोषणा होते, की गाडी आज पाचवर येईल. हजार माणसे जिन्याकडे धावतात. हा गोंधळून पाहत राहतो. पाटीवरचे अक्षर तसेच असते. गाडी निघून जाते. लोक म्हणतात, "बिचारा बहिरा होता, त्याची गाडी चुकली." नाही! फलाट बदलला तो फक्त कर्ण्याला सांगून. पाटीला सांगितले असते, तर त्याची गाडी चुकली नसती.

रेल्वेच्या सवलतीतही हाच गोंधळ आहे. ऐकण्या-बोलण्याचे अपंगत्व असणाऱ्यांना रेल्वेत भाड्यात ५० टक्के सवलत आहे. २०२० साली अनेक सवलती बंद झाल्या, तेव्हाही अपंगांच्या सवलती राहिल्या, हे मान्य केले पाहिजे. ही सवलत एकट्याने प्रवास करणाऱ्यालाही आहे, म्हणजे बहिरा माणूस एकटा प्रवास करतो हे रेल्वेच्या नियमाने कधीच गृहीत धरले आहे. ते धरले नाही ते आपण! परंतु अट अशी, की न ऐकणे आणि न बोलणे ही दोन्ही व्यंगे एकाच व्यक्तीत पूर्णपणे असली पाहिजेत. म्हणजे एखाद्याला अजिबात ऐकू येत नाही, पण आईने रात्रंदिवस कष्ट घेऊन त्याला चार शब्द बोलायला शिकवले, तर तो सवलतीच्या रेषेबाहेर! दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असलेल्या व्यक्तीला बहिरी म्हटले आहे. बोलण्याची अट त्या व्याख्येत नाही. वाचा व भाषेचे अपंगत्व ही त्या कायद्यात वेगळी नोंद आहे. संसदेने जे वेगळे केले, ते सवलतीच्या जुन्या यादीत अजून चिकटलेलेच आहे.

या चिकटण्याला भाषेतही एक नाव आहे, 'मूकबधिर'. बहिरा म्हटला की तो मुका असणारच, असे आपण धरून चालतो. मूकनायकाच्या वाचकांना तरी 'मूक' या शब्दाचे वजन सांगावे लागू नये. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी पाक्षिकाला 'मूकनायक' हे नाव दिले, ते समाजाला जीभ नव्हती म्हणून नाही. जीभ होती, व्यथा होती, बोलणेही होते. ऐकणारा कोणी नव्हता, छापणारा कोणी नव्हता. बहिऱ्यांचेही तेच आहे. ते मुके नाहीत. त्यांच्या हातात भाषा आहे, तिला व्याकरण आहे, तिच्यात विनोद होतात, भांडणे होतात, प्रेमही होते. आपण ती शिकलो नाही आणि शिक्का मात्र त्यांच्या कपाळावर मारला.

त्या दिवशी बापाचे समाधान झाले नाही. मुलगा मात्र खुशीत येऊन आणखी लिहू लागला. "दिल्ली पहिले. नंतर पॅरिस." बापाने कपाळाला हात लावला. आम्ही विचारले, पॅरिसच का? त्याने लिहिले, "बहिऱ्यांची शाळा. जुनी."

त्याला ठाऊक होते ते खरे आहे. अठराव्या शतकात ॲबे द लेपे नावाच्या धर्मगुरूने पॅरिसमध्ये बहिऱ्या मुलांसाठी विनामूल्य शाळा सुरू केली आणि मुलांच्या हातवाऱ्यांनाच शिकवण्याचे माध्यम केले. त्याच युरोपात १८८० साली इटलीतील मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षणावर परिषद भरली. १६४ प्रतिनिधी होते आणि त्यांत बहिरा एकच! त्या परिषदेने ठराव केला, की बहिऱ्या मुलांना फक्त ओठांनी बोलायला शिकवावे, हातांची भाषा बंद करावी. त्यानंतर कित्येक पिढ्या शाळांतून मुलांचे हात दाबले गेले. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेत या ठरावांबद्दल खेद व्यक्त झाला. मध्ये १३० वर्षे गेली. ज्यांच्याबद्दल निर्णय, त्यांनाच सभेत जागा नाही, ही रीत फक्त आपल्या गावच्या चावडीची नाही, एवढे यावरून समजावे.

युरोप हा काही बहिऱ्यांचा स्वर्ग नाही. तेथेही प्रत्येक देशाची खूणभाषा वेगळी आहे, तेथेही गाड्या चुकतात. परंतु तेथील बहिऱ्यांनी लढून काही गोष्टी मिळवल्या. स्वीडनने १९८१ सालीच खूणभाषेला मान्यता दिली, फिनलंडने १९९५ साली तिचा उल्लेख राज्यघटनेत केला, ब्रिटनला मात्र त्यासाठी २०२२ उजाडले. अपंग प्रवाशाला विमानात आणि रेल्वेत मदत देणे हे उपकार नव्हेत, कंपनीचे कर्तव्य आहे, असे युरोपीय संघाचे नियम आहेत. म्हणून तेथे एकटा फिरणारा बहिरा प्रवासी हे नवल राहिलेले नाही.

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी लंडनमध्ये बाबासाहेब राहिले ते घर पाहण्यासाठी आम्ही गेलो होतो. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली घेतले आहे. तेथून पुढे पॅरिसला गेलो. एका स्थानकावर गाडीची वाट पाहत बसलो असता फ्रेंचमध्ये घोषणा झाली. शेजारची सगळी माणसे उठली आणि चालू लागली. आम्ही बसूनच राहिलो. कान शाबूत, वकिलीची सनद खिशात, पण त्या क्षणी आम्ही ठार बहिरे होतो! समोरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी आमचे तिकीट पाहिले, दोन बोटे दाखवली आणि फलाटाकडे हात केला. आठवडाभर आम्ही युरोपात असेच फिरलो. बोट दाखवून भाकरी घेतली, कागदावर पत्ता लिहून रस्ता विचारला, नकाशा उघडून टॅक्सीत बसलो. जो व्यवहार बहिरा माणूस जन्मभर करतो, तो आम्ही आठ दिवस केला आणि गावी येऊन "युरोप फिरून आलो" म्हणून मिरवले. आम्हाला कोणी विचारले नाही, की फ्रेंच येत नाही तर सोबत कोणाला नेले होते? आमच्या अडाणीपणाला 'पर्यटन' म्हणायचे आणि त्याच्या कौशल्याला 'धोका' म्हणायचे, हा कोणता न्याय?

प्रवास ही साधी गोष्ट नाही, हे आपल्या चळवळीइतके कोणाला ठाऊक असणार? बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचे स्वतःचे अनुभव लिहिले, त्या पुस्तिकेचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. ते अनुभव बहुतेक प्रवासाचेच आहेत. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली लहान भावंडे मसूर स्थानकावर उतरली. चांगले कपडे होते, खिशात पैसे होते, तिकीट होते. जात कळताच स्थानक मास्तर मागे सरला आणि गाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकत मुलांना रात्रीचा प्रवास करावा लागला. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाले टांगा हाकायला तयार होईनात. नवख्या माणसाने हाकला आणि बाबासाहेब पुलावर फेकले गेले. तोवर ते परदेशांतून पदव्या घेऊन आलेले बॅरिस्टर होते!

आम्ही अस्पृश्यता आणि बहिरेपण एकच आहे असे म्हणत नाही. अस्पृश्यता माणसाने माणसावर लादलेली, धर्माने पवित्र ठरवलेली गुलामी होती. बहिरेपण निसर्गातून येते. पण बहिऱ्याच्या वाट्याला येणारा अडथळा निसर्गाचा नाही. तो माणसाने बांधलेला आहे. म्हणून तो माणसाने पाडलाही पाहिजे. मसूरच्या स्थानकावर त्या मुलांजवळ सर्व काही होते, फक्त समोरच्याच्या डोळ्यांत माणूसपण नव्हते. फलाटावरच्या बहिऱ्या तरुणाजवळही सर्व काही असते.

आता कायद्याचे सांगतो. भारतीय संविधानाचा अनुच्छेद १९ प्रत्येक नागरिकाला देशभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क देतो. त्यात 'ऐकू येणाऱ्या नागरिकाला' असे लिहिलेले नाही. परदेशी जाणे हा अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे १९७८ च्या मेनका गांधी खटल्यापासून पक्के आहे. संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार भारताने २००७ साली मान्य केला आणि त्यानुसार २०१६ चा कायदा आला. त्या कायद्यात संदेशवहनाच्या व्याख्येतच खुणा आणि मजकूर दाखवणे यांचा समावेश आहे. बस थांबे, रेल्वे स्थानके, विमानतळ अपंगांना वापरता येतील असे करणे हे सरकारचे काम आहे.

याच कायद्याचे कलम ९२ आपल्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावे. अपंग व्यक्तीचा लोकांच्या देखत, मानहानी करण्याच्या हेतूने जाणूनबुजून अपमान केला किंवा तिला धमकावले, तर किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षे शिक्षा आहे. ही शब्दरचना ओळखीची वाटते ना? १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातीलच ती वाट आहे. लोकलच्या अपंगांच्या डब्यात बहिऱ्या तरुणाला "धडधाकट दिसतोस, उतर खाली" म्हणून चारचौघांत खेचले जाते, त्याच्या हातवाऱ्यांची नक्कल केली जाते. त्याला ऐकू येत नाही, पण नक्कल दिसते! ज्यांनी एक कायदा राबवायला आयुष्य घातले, त्यांना दुसरा राबवणे अवघड नाही.

दोन निकालही लक्षात ठेवावेत. २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयाने चाचणी उत्तीर्ण होणाऱ्या बहिऱ्या व्यक्तीला वाहन चालवण्याचा परवाना मिळण्याचा मार्ग मोकळा केला. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितले, की सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशी ठरतील अशी तरतूद मूळ कायद्याशी विसंगत आहे, केंद्राने किमान बंधनकारक मानके ठरवली पाहिजेत. ही याचिका एका अंध व्यक्तीने २००५ साली केली होती. एकोणीस वर्षे! त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या बहिऱ्या वकील महिलेने खूणभाषा दुभाष्याच्या साहाय्याने त्याच न्यायालयात काम पाहिले होते. बहिरा माणूस सर्वोच्च न्यायालयात युक्तिवादाला उभा राहू शकतो, आणि तुर्भ्याहून दिल्लीला जाऊ शकत नाही?

येथे आमच्याही घरात डोकावले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचे अपंगत्व असलेले ५० लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. सर्व प्रकारच्या अपंगत्वाचे प्रमाण देशात २.२१ टक्के होते, तर अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के, म्हणजे सरासरीहून जास्त. कुपोषण, उपचारांचा अभाव, जोखमीची कामे यांचा वाटा कोण नाकारील? म्हणजे हा प्रश्न दुसऱ्या कोणाचा नाही, आपल्याच वस्तीतला आहे. तरी आपल्या सभांत काय दिसते? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंचा समुदाय येतो. हरवलेल्यांच्या घोषणा कर्ण्यावरून होतात. हरवलेला बहिरा असेल तर त्याने काय करावे? आपल्या मंचावर दुभाषी कितीदा दिसतो? विहारात वंदना होते, प्रवचन होते, आणि बहिरा मुलगा आईचा पदर धरून भिंतीकडे बघत बसतो. दुसऱ्याच्या कर्ण्यावर टीका करताना आपल्या हातातला कर्णा विसरून चालणार नाही.

आता त्या तरुणाचे काय झाले ते सांगतो. तीन बैठका झाल्या. बापाला आम्ही समजावले, म्हणजे खरे तर मुलानेच आम्हा दोघांना समजावले. त्याने एक कार्ड तयार केले. मराठी, हिंदी, इंग्रजीत लिहिले, "मला ऐकू येत नाही. घोषणा झाली तर कृपया लिहून किंवा बोटांनी दाखवा." प्रमाणपत्राच्या दोन प्रती, गाडीच्या स्थितीचे ॲप, गजर म्हणून उशाखाली थरथरणारा मोबाईल, दर चार तासांनी बापाला एक संदेश. आणि तो निघाला. एकटा.

वाटेत एका मोठ्या स्थानकावर नेमके तेच घडले, ज्याची भीती होती. घोषणा झाली, गर्दी हलली. त्याने समोरच्या हमालाला कार्ड दाखवले. हमालाने वाचले, डोक्यावरचे ओझे खाली ठेवले आणि हात उंच करून पाच बोटे दाखवली. फलाट पाच. गाडी मिळाली. दुसऱ्या दिवशी रात्री बापाच्या मोबाईलवर शब्द आला, "पोचलो." तो संदेश दाखवायला बाप पहाटे बाजारातून थेट आमच्या दारात आला होता. डोळे पुसत म्हणाला, "साहेब, हमाल व्हता म्हणून कळलं त्याला. वझं उचलणाऱ्यालाच वझं कळतं."

परंतु एका हमालाच्या माणुसकीवर लाखो नागरिकांचा हक्क टांगून ठेवता येणार नाही. म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. जी घोषणा कर्ण्यातून होईल, ती त्याच क्षणी पाटीवर अक्षरांत दिसली पाहिजे. स्थानकात, एसटी आगारात, विमानतळावर आणि एपीएमसीच्या आवारातही. सवलतीच्या यादीतील 'दोन्ही व्यंगे एकत्र' ही अट काढून २०१६ च्या कायद्याची व्याख्या लावली पाहिजे. प्रत्येक मोठ्या स्थानकावर खूणभाषा येणारा एक तरी कर्मचारी हवा. आणि आपण स्वतः, पुढच्या सभेपासून, मंचाच्या कोपऱ्यात दुभाष्याला जागा दिली पाहिजे. यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

ज्या घरात बहिरे मूल आहे, त्या आईबापांना एवढेच सांगणे आहे. त्याला अक्षर द्या, त्याला त्याची भाषा शिकू द्या आणि मग त्याची वाट अडवू नका. बाजारात रुमालाखाली बोटे चालतात, ती लपवण्यासाठी. त्या हमालाने बोटे उंच करून दाखवली, ती सांगण्यासाठी. आपली बोटे कोठे असावीत, हे आपण ठरवायचे आहे.

जयभीम!